ट्रॉलीवरचा जनरेटर दीड तासात तापून बंद पडतो, मग लागतच नाही. हेड उघडू का?

ट्रॉलीवाला · सोमवार, रात्री ११:१५

राम राम मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातला. ट्रॉलीवर बसवलेला २५ केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे, तीन सिलिंडर, पाण्यावर थंड होणारा. लग्नसराईत मांडवाला देतो, एरवी मळणीला, नाहीतर कोणाची मोटार अडली तर विहिरीवर. सहा वर्षं तक्रार नव्हती. या वैशाखात मात्र इज्जत घालवून रायला.

काल अंजनगावकडच्या एका लग्नात संध्याकाळी साडेसहाला चालू केला. आठ वाजता काटा लालमध्ये, दोन मिनिटांत मशीन आपोआप बंद. पॅनलवर 'पाणी गरम'चा दिवा. पंगत बसलेली, कूलर बंद, सगळं वऱ्हाड अंधारात, नवरीचा मामा अंगावर धावून आला. जरा थांबून चावी फिरवली तर नुसतं 'टक'. परत फिरवली, परत 'टक'. स्टार्टर फिरतच नाही. पाऊण तासाने ट्रॅक्टरची बॅटरी जोडून लावला. सव्वा तास चालला, पुन्हा तेच.

हे या महिन्यातलं तिसरं लग्न. आतापर्यंत नवीन बॅटरी टाकली (पंधरा दिवस झाले), ऑइल बदललं, रेडिएटर भरला. मिस्त्री म्हणतो हेड (इंजिनाचा सिलिंडरवरचा भाग) उघडावं लागेल, त्याखालचं गॅसकेट गेलं असेल. येत्या रविवारी आणखी एका लग्नाचा विसार घेऊन बसलोय. हेड उघडू का?

संत्रा_मोर्शी · सोमवार, रात्री ११:४०

हेड नको उघडू भाऊ. थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून फेक. आमच्याकडे सगळे उन्हाळ्यात काढतात. पाणी मोकळं फिरते, मशीन थंड राहते.

दालमिल_ताई · मंगळवार, सकाळी ६:५०

दादा, लोड किती होता ते लिहिलंच नाही. कूलर किती, हॅलोजन किती, साउंडवाल्याने किती ओढलं? २५ केव्हीए म्हणजे २० किलोवॅट, तीन फेजवर प्रत्येकी साधारण ३५ अँपिअर. मांडववाले सगळं एकाच फेजवर लटकवतात, हा माझा दरवेळचा अनुभव. आमच्या मिलमध्ये टोंग टेस्टर (तारेला चिमटा लावून करंट मोजायचं मीटर) लावल्याशिवाय मी कोणाला प्लग घालू देत नाही.

उंटावरून · मंगळवार, सकाळी ८:१०

४५ अंशांत कोणतंही मशीन तापणारच. उन्हाळा संपेपर्यंत धंदा बंद ठेवा.

ट्रॉलीवाला · मंगळवार, सकाळी ८:३०

@उंटावरून, वर्षभराची कमाई या दोन महिन्यांतच असते साहेब. आणि अंजनगावला माझ्या शेजारीच दुसऱ्याचा असाच सेट उभा होता, त्याच गरमीत. तो रात्रभर चालला.

@ताई, टोंग टेस्टर पोराकडे आहे, आज लावतो.

जुना_फिटर · मंगळवार, सकाळी ९:०५

हेडला हात लावू नका. तीस वर्षं डिझेलमध्ये हात काळे केलेत, हेड उघडायची घाई झालेली मशीनं जास्त आणि खरंच गॅसकेट गेलेली कमी पाहिली.

गॅसकेट गेलं असेल तर ते लपत नाही. थंड मशीनवर रेडिएटरचं झाकण काढून चालू करा. रेडिएटरच्या तोंडाशी एकसारखे बुडबुडे येतात का, ऑइलची काडी काढली तर ऑइल दुधाळ दिसतं का, रोज पाणी कमी होतं पण खाली गळती कुठेच नाही असं आहे का, धूर पांढरा आणि चिकट येतो का, एवढं बघा. यातलं काहीच नसेल तर मिस्त्रीला नमस्कार सांगा.

दुसरं, तुम्ही जे करताय ते धोक्याचं आहे म्हणून आधी सांगतो. गरम होऊन बंद पडलेलं इंजिन स्टार्टरने फिरत नसेल तर लगेच ट्रॅक्टरची बॅटरी लावून झटके देऊ नका. पाणी सिलिंडरमध्ये उतरलेलं असेल तर पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघा. सहज फिरलं तर पुढे जा. कुठे ठाम अडलं तर इंजेक्टर काढून मग फिरवा. तापलेल्या ब्लॉकवर गार पाण्याची बादली ओतायची नाही, हेड तडकतं. गरम असताना रेडिएटरचं झाकण तर अजिबात उघडायचं नाही. त्या झाकणाची स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते, ०.९ बारचं झाकण असेल तर पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. तुम्ही झाकण फिरवलं की दाब जातो, ते सगळं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. माझ्या डाव्या मनगटावर १९९४ सालची खूण आहे.

आता मला तुमच्याकडून आकडे पाहिजेत. मल्टिमीटर घ्या. मशीन बंद असताना बॅटरीवर किती व्होल्ट, स्टार्टर मारताना किती, मशीन पूर्ण वेगात चालू असताना किती. आकडे आल्यावर बोलू.

खारपाणी_गडी · मंगळवार, दुपारी १:२०

भाऊ, म्या एकच इचारतो. रेडिएटरात पाणी कोनतं टाकलं? बोअरचं काय? तू दर्यापूरचा म्हन्जे आपल्याच खारपाणपट्ट्यातला. ज्या पाण्यात तुरीची डाय शिजत नाही थे पाणी मशीनले कायले पाजतं बावा?

ट्रॉलीवाला · मंगळवार, दुपारी २:००

बोअरचंच. 😐

खारपाणी_गडी · मंगळवार, दुपारी २:१५

घ्या! बाहेरच्या लोकायले समजत नाही म्हनून सांगतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला, बुलढाणा तिनी जिल्ह्यात, जमिनीखालचं पाणी खारं. साबणाले फेस येत नाही, पिकाले देलं तर जमीन चिकट होते. आमच्या तेल्हाऱ्याकडे एकाच्या सेटचं रेडिएटर कापून पाह्यलं, नळ्यायच्या आत पांढरा थर, गंजाची भुकटी येगयी. तो थर म्हन्जे रेडिएटरले आतून गोधडी पांघरल्यासारखं. पाणी फिरते पन गरमी बाहेर निंघत नाही. डिस्टिल्ड पाणी अन कूलंट, दुसरं काईच टाकू नको.

जुना_फिटर · मंगळवार, दुपारी ३:३०

खारपाणी भाऊ अगदी बरोबर. पण थर हळूहळू साचतो, वर्षानुवर्षं. या माणसाचं मशीन सहा वर्षं ठीक होतं आणि महिन्याभरात बिघडलं. थर असेलच, पण गुन्हेगार दुसरा कोणी आहे असं मला वाटतं. आकडे येऊ द्या.

संत्रा_मोर्शी · मंगळवार, दुपारी ४:१०

थर्मोस्टॅटचं मी आधीच सांगितलं आहे, कोणी ऐकत नाही.

जुना_फिटर · मंगळवार, सायंकाळी ५:००

मोर्शीकर, राग मानू नका, पण थर्मोस्टॅट काढल्याने काही इंजिनं जास्त तापतात. थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा तो एका बाजूने रेडिएटरची वाट मोकळी करतो आणि दुसऱ्या बाजूने बायपासची वाट बंद करतो. तो काढलात की बायपास कायमचा उघडा. अर्धं पाणी रेडिएटरला न जाता तिथल्या तिथेच गोल फिरतं. संशय असेल तर काढून तपासा. पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्याने लटकवा, चुलीवर ठेवा. थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतो, बहुतेक ८२. पाणी त्या आसपास आलं की तो डोळ्यादेखत उघडायला लागतो, उकळेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे.

ट्रॉलीवाला · मंगळवार, रात्री ९:४५

सगळं केलं. सांगतो.

बुडबुडे नाहीत. ऑइल साफ. हाताने फिरवलं, अलगद फिरतं. थर्मोस्टॅट चहाच्या पातेल्यात उकळला, बरोबर उघडतो. (ते पातेलं आता माझं झालं, घरच्यांनी परत घ्यायला नकार दिला.)

बॅटरी: बंद असताना १२.१. स्टार्टर मारला तेव्हा ७.८ आणि 'टक'. ट्रॅक्टरची बॅटरी लावून चालू केल्यावर, पूर्ण वेगात, १२.२.

लोड: ताईंच्या सांगण्यावरून मांडववाल्याचं परवाचं वायरिंग पुन्हा जोडून पाहिलं. एका फेजवर ४१, दुसरीवर १७, तिसरीवर १२.

वायरमन_वणी · मंगळवार, रात्री १०:२०

४१-१७-१२ वाचून डोकं धरलं. पण आधी खुलासा करतो. या असमतोलाने तुमचं पाणी तापत नाहीये. इंजिनला एकूण ओझं दिसतं, आणि एकूण ओझं तुमचं क्षमतेच्या आतच आहे. ४१ अँपिअरने जळेल ते वीज बनवणाऱ्या मोठ्या अल्टरनेटरच्या त्या फेजचं वाइंडिंग. वेगळा आजार, पण सोडू नका. कूलर तिन्ही फेजवर वाटा. आणि ट्रॉली रबराच्या टायरवर उभी असते, जमिनीत अर्थिंगचा रॉड ठोकता ना? मांडवाचे लोखंडी खांब आणि ओली जमीन, गमती नाहीत.

आता बॅटरी. १२.१ म्हणजे निम्म्याच्या आसपास उतरलेली. भरलेली असती तर १२.६ दाखवली असती. स्टार्टर मारताना ९.६च्या खाली जाता कामा नये, तुमची ७.८. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मशीन चालू असताना १२.२. तिथे १३.८ ते १४.४ पाहिजे. म्हणजे नवीन बॅटरी चार्जच होत नाहीये. तुम्ही बॅटरीवाल्याला शिव्या दिल्या असतील, त्याचा दोष नाही. खात्रीसाठी एक करा. स्टार्टर मारताना मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थची पट्टी ढिली. ट्रॉलीला खड्ड्यांत धक्के बसतात, ती पट्टी नेहमी ढिली होते.

बॅटरीवरून आणखी काही चालवता का?

ट्रॉलीवाला · बुधवार, सकाळी ७:१५

अर्थ पट्टीवर ०.२. ठीक आहे म्हणायचं.

बॅटरीवरून... ट्रॉलीला चार एलईडी लावलेत, एक गाडीचा पंखा, पोरं मोबाइल लावतात, आणि टेप. पण हे मागच्या वर्षीही होतं, तेव्हा बॅटरी कधी उतरली नाही.

जुना_फिटर · बुधवार, सकाळी ८:००

झालं. माझ्यापुरतं चित्र स्पष्ट आहे.

मशीन तापतं आणि परत लागत नाही, हे तुम्ही दोन रोग धरलेत. तापलं म्हणून लागत नाही असं तुम्हाला वाटतंय. पण बॅटरी चार्ज करणारा छोटा अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि रेडिएटरचा पंखा, तिघांना कोण फिरवतं? एकच बेल्ट. तो घसरला की पंखा हळू, पंप हळू, पाणी तापणार. त्याच वेळी चार्जिंग कमी, तुमचे दिवे-पंखे-टेप बॅटरी खाणार. दीड तासाने मशीन बंद पडतं तेव्हा बॅटरीतही जीव उरलेला नसतो. म्हणून 'टक'.

बेल्ट दाबून बघा. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबला की १०-१२ मिलिमीटर दबला पाहिजे.

ट्रॉलीवाला · बुधवार, सकाळी ८:२०

काका, बेल्ट नवीन आहे. पाडव्याला टाकला. टाइट आहे, अंगठ्याने बोटभरही दबत नाही.

जुना_फिटर · बुधवार, सकाळी ८:२५

पाडव्याला बेल्ट टाकला हे आज सांगताय?

दालमिल_ताई · बुधवार, सकाळी ८:३१

😂😂 काका, शांत.

जुना_फिटर · बुधवार, सकाळी ८:५०

शांतच आहे. दादा, आता टाइटपणा सोडा. बेल्ट खाचेत किती खोल बसलाय ते बघा. पुलीच्या काठाशी बेल्टची पाठ जवळजवळ एका पातळीत पाहिजे. आणि बेल्ट काढून खाचेच्या तळाला टॉर्च मारा. तळ मळकट, गंजका असेल तर छान. तळ चकाकत असेल तर मला फोटोही नको, समजलं. टाकताना छोट्या अल्टरनेटरची बेल्ट ताणायची पट्टी कुठपर्यंत ओढावी लागली होती तेही आठवा.

ट्रॉलीवाला · बुधवार, दुपारी १२:४०

काका, पाय कुठे आहेत तुमचे.

बेल्ट काठापासून सहा मिलिमीटर खाली बुडालेला. काढला, टॉर्च मारली, तळ आरशासारखा! बाजूच्या भिंती मात्र काळ्याच. पट्टी शेवटच्या टोकापर्यंत ओढलेली, आणखी जागाच नाही. जुना बेल्ट टूलबॉक्सच्या तळाशी चिंध्यांत गुंडाळलेला सापडला. जुन्यावर पुसट छापलंय 'बी ४२'. नवीनवर 'ए ४२'. पट्टीने मोजलं, जुना वरून १७ मिलिमीटर रुंद, नवीन १३.

दुकानात मी जुना बेल्ट नेला नव्हता. नुसतं '४२चा द्या' म्हटलं. त्याने ४२चाच दिला.

जुना_फिटर · बुधवार, दुपारी १:१०

दुकानदाराची चूक म्हणता येणार नाही. ४२ ही इंचातली आतली लांबी, दोन्हींची तीच. अक्षर सांगतं रुंदी आणि जाडी: ए म्हणजे १३ बाय ८, बी म्हणजे १७ बाय ११.

व्ही बेल्ट पकडतो तो बाजूच्या दोन उतारांनी. ओढ पडली की तो पाचरीसारखा आत रुततो आणि भिंतींना घट्ट धरतो. ए बेल्ट बीच्या खाचेत घातला की तो रुतण्याआधीच तळाला टेकतो. मग भिंतींवर दाब नाही, नुसता पोटावर घासत जातो. वरून कितीही ताणा, अंगठ्याला टाइट लागेल पण पकड नाही. खोल बसल्यामुळे त्याचा फेरा लहान झाला, म्हणून बेल्ट लांब पडला आणि पट्टी टोकापर्यंत गेली. सुरुवातीला चीं चीं आवाज येत असेल.

ट्रॉलीवाला · बुधवार, दुपारी १:२५

यायचा. पण लगेच डीजे सुरू व्हायचा.

संत्रा_मोर्शी · बुधवार, दुपारी २:००

थर्मोस्टॅट नव्हता तर. मान्य. माझ्याच मशीनमध्ये परत बसवतो आता, रॅकवर पडलाय दोन वर्षं.

वायरमन_वणी · बुधवार, दुपारी २:३०

बेल्ट बदलला तरी बॅटरी त्या छोट्या अल्टरनेटरवर सोडू नका, आधी बाहेरच्या चार्जरने सावकाश भरा. क्षमतेच्या दहाव्या भागाचा करंट, म्हणजे ८८ अँपिअर-अवरची असेल तर ८-९ अँपिअर, रात्रभर. पंधरा दिवस अर्धवट उपाशी ठेवलीय, लगेच लग्नाला नेऊ नका.

ट्रॉलीवाला · गुरुवार, रात्री १०:३०

'बी ४२' अमरावतीहून आणला. चार्जिंग १४.१! बॅटरी रात्रभर भरली. बोअरचं पाणी काढलं. गढूळ चहासारखं निघालं, खारपाणी भाऊंची आठवण आली. दोनदा साध्या डिस्टिल्ड पाण्याने चालवून धुतलं, मग कूलंट टाकलं. आज दुपारी एक ते तीन, पूर्ण लोडवर, शेतात. पहिला तास ८७-८८. नंतर हळूहळू ९६. बंद पडला नाही, चावीला लगेच लागतो. पण ९६ पाहून पोटात गोळा येतो. रेडिएटर बाहेरून एकदम साफ आहे, आरपार दिसतं.

दालमिल_ताई · गुरुवार, रात्री १०:५५

आरपार दिसतं की दिसल्यासारखं वाटतं? ट्रॅक्टरचा पंखा हवा आत ओढतो, म्हणून कचरा बाहेरच्या जाळीवर दिसतो. जनरेटरचा पंखा बहुतेक उलटा, इंजिनकडून रेडिएटरमधून बाहेर ढकलतो. कचरा आतल्या बाजूला, पंख्याच्या आणि रेडिएटरच्या मध्ये अडकतो. बाहेरून कितीही बघा, समजणार नाही. पंख्याचं कवच सोडा आणि आत हात घाला. मळणीला नेता म्हणालात ना?

अजून एक. ट्रॉली उभी करताना रेडिएटरचं तोंड मांडवाच्या कापडाकडे किंवा भिंतीकडे तर नसतं? आपटलेली गरम हवा फिरून परत आत येते.

ट्रॉलीवाला · शुक्रवार, सायंकाळी ६:२०

चार बोल्ट सोडले, कवच बाजूला केलं, आत हात घातला आणि हाताला मऊ लागलं. ताई, तो कचरा नव्हता, नमदा होता. ऑइलच्या वाफेने ओला झालेला, त्यात हरभऱ्याचं कुटार, कापसाची रुई, कोंबडीचं एक पीस आणि कोणत्या तरी वरातीतली चमकी. खालचा एक तृतीयांश भाग पूर्ण बंद. बोटाने ओढला तर चादरीसारखा सोलून आला. वरचा भाग मोकळा, म्हणून आरपार दिसत होतं.

कपड्याच्या पावडरचं पाणी मारून अर्धा तास भिजवलं, मग बाहेरून आत, कमी दाबाने पाणी. प्रेशर पंप आणला होता, पण पोराने एकदा जवळून मारला तर पत्र्याच्या बारीक पात्या आडव्या झाल्या. तो ठेवून दिला आणि साधी नळी लावली. पात्या सुरीच्या टोकाने सरळ केल्या, दोन तास गेले.

जुना_फिटर · शुक्रवार, रात्री ८:००

ऑइलची वाफ कुठून येते तेही बघा. ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी) नळी रेडिएटरसमोर सुटत असेल तर लांब वळवून खाली सोडा, नाहीतर पुढच्या मळणीला पुन्हा नमदा. आणि कॅनॉपीची (सेटवरच्या पेटीची) दारं लग्नात उघडी ठेवता का? गार व्हावं म्हणून सगळे ठेवतात. दारं बंद असतील तरच हवा ठरवलेल्या वाटेने फिरते. उघडी असली की पंखा आजूबाजूची गरम हवाच गोल फिरवत बसतो.

ट्रॉलीवाला · शुक्रवार, रात्री ८:१०

ठेवतो. सत्कार बाकी ठेवा.

ट्रॉलीवाला · सोमवार, सकाळी १०:००

कालचं लग्न. दुपारी अडीचला चालू, रात्री पावणेबाराला बंद. दारं बंद, रेडिएटरचं तोंड मोकळ्या वावराकडे, वाऱ्याच्या दिशेने. फेजवर २६-२४-२१. काटा दुपारी चारला ९०, अंधार पडल्यावर ८४. मध्ये मुद्दाम एकदा लोड काढून पाच मिनिटं रिकामा चालवला, बंद केला, डिझेल भरलं, चावी फिरवली. पहिल्या फटक्यात.

'ए ४२' परत नेला. दुकानदार म्हणाला वापरलेला घेत नाही. म्हटलं ठेवा तसाच, आणि पुढचा कोणी नुसता '४२' मागायला आला तर हा दाखवून अक्षर विचारा.

खारपाणी_गडी · सोमवार, सकाळी १०:४०

जमलं राजेहो! आता त्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाय शिजोव.

नवा_सभासद · सोमवार, दुपारी १२:०५

नमस्कार. माझा हवेवर थंड होणारा एक सिलिंडरचा सेट आहे, तो पण तापतो. बेल्ट बदलू का?

जुना_फिटर · सोमवार, दुपारी १२:२०

त्याला रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही. वेगळा धागा काढा. आणि शेवटचं काय बदललं ते पहिल्याच ओळीत लिहा.